अनुभव धागा: फाल्गुन-चैत्रातली रानफुलं आणि ती दाखवणारी घरची माणसं

रानफुलं म्हटलं की हल्ली सगळ्यांना कासचं पठार आणि सप्टेंबर महिना आठवतो. मला आठवतो फाल्गुन. पायाखालचं गवत वाळून गेलेलं, ओढे आटलेले, आणि डोंगरावरच्या उघड्याबोडक्या झाडांना लगडलेली फुलं. आपल्याकडची या दिवसांतली रानफुलं बहुतेक झाडांवरच असतात. पळस, पांगारा, काटेसावर आधी पानं गाळतात आणि मग फुलतात. मान वर केल्याशिवाय ती दिसत नाहीत, आणि लहानपणी ‘वर बघ’ म्हणून सांगणारं कुणीतरी लागतं. मला अण्णांनी, म्हणजे वडिलांनी सांगितलं.

अण्णा धडगावपासून पाच किलोमीटरवरच्या एका पाड्यावर शाळामास्तर होते, १९८२ ते १९८७. नंदुरबार जिल्हा १९९८ साली झाला, त्याआधी हे सगळं धुळ्यातच होतं. आम्ही धडगावात एका खोलीत राहायचो आणि अण्णा रोज पायी जाऊन येऊन करायचे. आई निफाडकडची, भरल्या घरातून आलेली. तिथे तिचं मन लागेना. दिवे असून नसल्यासारखे, पाणी लांबून आणायचं, शेजारच्या बाया पावरी बोलायच्या आणि आईला त्यातलं अक्षर कळायचं नाही. संध्याकाळी ती दारात बसून राहायची.

होळीच्या आधी महिनाभर अण्णांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक पिवळं फूल असायचं. तळहाताएवढं, पाच पाकळ्या, वर मेण फासल्यासारखी चकाकी. घरी येईतो ते मलूल झालेलं असे. आई ते वाटीत पाणी घालून ठेवायची, पण रात्रीपर्यंत काही टिकायचं नाही. “झाडाला एक पान नाही, नुसती ही फुलं. एकदा दाखवतो तुम्हाला,” असं अण्णा म्हणत.

१९८४ साली भोंगऱ्या बाजाराच्या दिवशी त्यांनी आम्हाला नेलं. होळीआधी सातपुड्यात हे बाजार भरतात. ढोल, बासऱ्या, चांदीच्या दागिन्यांत नटलेल्या बाया, गूळ-डाळ्यांचे ढीग. परतताना अण्णा वाट सोडून एका खडकाळ टेकाडावर चढले. तिथे तीन झाडं होती, वेडीवाकडी, पांढुरक्या सालीची, आणि टोकाटोकाला ती फुलं. आई खाली दगडावर बसली, बराच वेळ वर बघत राहिली आणि म्हणाली, “राहायला हरकत नाही इथे.” त्यानंतर तिने बदलीचा विषय काढला नाही.

अण्णांना जाऊन चार वर्षं झाली. आई ७९ वर्षांची आहे, माझ्याजवळ नाशिकला असते. परवा होळीला तिने विचारलं, “त्या फुलाचं नाव काय गं होतं?” आम्हा भावंडांत कुणालाच सांगता आलं नाही. अण्णा त्याला नुसतं ‘आपलं फूल’ म्हणायचे. कुणाला ओळखता आलं तर सांगा. आणि तुमचंही लिहा. बागेतली फुलं नकोत. ज्याला कुणी पाणी घातलं नाही असं फूल, आणि ते तुम्हाला दाखवणारं घरचं माणूस.

*

वर्धा

आमच्याकडे पळसच. आमचं गाव आर्वीच्या वाटेवर आहे. गावाबाहेरच्या पडीत जमिनीवर इतके पळस होते की होळीच्या सुमारास लांबून कुणी आग लावली असं वाटायचं.

आबाजी, म्हणजे माझे आजोबा, धुळवडीच्या दोन दिवस आधी आम्हा सगळ्या नातवंडांना घेऊन निघत. झाडावरचं फूल तोडायचं नाही, खाली पडलेलंच वेचायचं, हा त्यांचा नियम. “वरचं पाखरांचं आहे,” म्हणत. आणि खरंच, सकाळी पळसावर कोण नसतं? मैना, बुलबुल, कावळे, कोतवाल, इवलासा शिंजीर. फुलाला वास काही नाही, पण चोच बुडवली की रस. आम्हीही देठाकडून चोखून पाहायचो.

घरी आणल्यावर मागचा काळा मखमली देठ काढायचा, पाकळ्या मोठ्या गंजात रात्रभर भिजत घालायच्या आणि सकाळी चुलीवर उकळायच्या. पाणी आधी पिवळं होतं, मग केशरी. आबाजी शेवटी चिमूटभर चुना टाकत, की रंग असा गडद व्हायचा की आम्ही टाळ्या पिटायचो. गाळून पितळी पिचकारीत. उरलेल्या कोमट पाण्याने आजी आम्हा पोरांना आंघोळ घालायची. उन्हाळ्यात अंगावर घामोळ्या येत नाहीत म्हणे.

आबाजींच्या धोतराला ती पिवळी छटा वैशाखापर्यंत राहायची. मुद्दाम त्या धोतरावर ते बाजारात जात. ते गेले त्या वर्षी आम्ही धुळवड खेळलो नाही, पण आजीने एकटीने वाटीभर पळसफुलं उकळली आणि त्यांच्या फोटोपुढे ती वाटी ठेवली.

पळसाचं आमच्याकडे काय काय व्हायचं ते आता आठवलं की नवल वाटतं. पानांच्या पत्रावळी आणि द्रोण. मुळ्या ठेचून भिंती सारवायला-रंगवायला कुंचा. बैलाचे दोरही मुळ्यांच्या वाकाचे. रस्ता रुंद झाला तेव्हा आमच्या बाजूचे बहुतेक पळस गेले. तीन राहिले आहेत. माझ्या मुलीला घेऊन मी दर वर्षी जातो आणि आबाजींचा नियम सांगतो.

*

पुणे

दहावीच्या परीक्षेला आई मला केंद्रावर सोडायची आणि तीन तास बाहेर थांबायची. समोर पांगारा होता, लालभडक. पेपर कसा गेला हे विचारण्याआधी ती म्हणायची, “आज खालच्या फांदीवरची पण फुलली बघ.” सात पेपर झाले, सातही दिवस तिने मला आधी झाडाचंच सांगितलं. आता माझ्या मुलाची दहावी चालू आहे आणि मी बाहेर उभी आहे. इथे झाड नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

*

वेंगुर्ला

धाग्याची वाटच बघत होते असं वाटलं, कारण सध्या घरभर सुरंगीचा वास आहे.

ज्यांनी सुरंगी पाहिली नाही त्यांच्यासाठी: मोठं, गर्द, सदाहरित झाड. हे पळसासारखं पानं टाकत नाही. फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत, जाड फांद्यांनाच चिकटून गुच्छांनी येतात. मोत्यासारखे गोल कळे, उमलले की पांढऱ्या पाकळ्या आणि मधे पिवळ्या केसरांचा झुबका. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत हंगाम. आमच्याकडे आसोलीची सुरंगी प्रसिद्ध आहे.

या फुलाचं सगळं वेळेवर आहे. ऊन चढलं की कळा फुटतो आणि मग तो ओवता येत नाही, केसर गळतात. म्हणून पहाटे झाडावर चढायचं. आमच्या घरी चढायचे काका, खाली टोपली धरून मी आणि आजी. काका कपड्यांच्या आत राख चोळून चढत, कारण हुमले, म्हणजे लाल मुंग्या, झाडभर. तरी चावायच्याच. आजी खालून ओरडायची, “बेगीन कर रे, ऊन पडला की कळे फुलतत, मगे काय उपेग नाय!” झाडाखाली उभं राहिलं की मधमाश्यांचा आवाज असा, जणू झाडच गुणगुणतंय.

घरी येऊन ओसरीवर सगळ्या बायका बसायच्या. केळीच्या सोपात एकेक कळा ओवायचा, जवळजवळ, घट्ट. त्या गजऱ्याला आम्ही वळेसार म्हणतो. नऊच्या आत वळेसार बाजारात गेले पाहिजेत. उरलेली फुलं उन्हात वाळवायची, ती अत्तरवाल्यांकडे आणि रंगासाठी जातात. काकीचं वर्षाचं मीठ-मिरची आणि आमची पाटी-पुस्तकं सुरंगीच्या पैशांतून यायची. हे मुद्दाम लिहिते, कारण सुरंगीवर लिहिणारे सगळे वासावर थांबतात. तो वास काढायला पहाटे चारला कुणीतरी झाडावर असतं.

माझं लग्न कोल्हापूरला झालं. पहिल्या वर्षी मार्चमध्ये मला माहेरी जाता आलं नाही, सासूबाई आजारी होत्या. एके दिवशी एसटीच्या कंडक्टरने डबा आणून दिला. आजीने केळीच्या पानात गुंडाळून दोन वळेसार पाठवले होते. एक माझा, एक सासूबाईंचा. फुलं काळपट झाली होती, वास तसाच होता. सासूबाईंनी उशीजवळ ठेवून घेतला, आणि नंतर तो सुकलेला वळेसार त्यांच्या ट्रंकेत लग्नाच्या शालूच्या घडीत गेला. त्या गेल्यावर ट्रंक उघडली तेव्हा मला आजीच आठवली. दोघी एकमेकींना आयुष्यात एकदाच भेटल्या होत्या, माझ्या लग्नात.

आता मी परत वेंगुर्ल्याला असते. काका थकले. चढायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. यंदा माझा पुतण्या शिडी लावून खालच्या फांद्यांवरचे काढतो. वरचे मधमाश्यांना.

*

धानोरा, जिल्हा गडचिरोली

वेंगुर्ल्याच्या ताई, तुम्ही पैशांचं लिहिलं म्हणून मी लिहितो. नाहीतर लिहिणार नव्हतो, कारण आमच्याकडे मोहफूल म्हणजे काम.

मोहाचं फूल रात्री गळायला लागतं आणि सकाळी ऊन वर येईपर्यंत गळत राहतं. जाड, रसाळ, पिवळसर पांढरं, जमिनीवर टप टप आवाज येतो. आमच्या गावात कुणाचं कोणतं झाड ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. आमच्या वाट्याला चार झाडं. माय तीन वाजता उठवायची, “उठ रे बापू, अस्वल खाऊन जाईल मंग.” ते खोटं नव्हतं. अस्वलाला मोह फार आवडतो, आणि या दिवसांत दरवर्षी कुणा ना कुणाला अस्वल ओरबाडतं. म्हणून माय एकटी जात नसे. आम्ही तीन भावंडं, हातात टोपल्या, पुढे बाबा टॉर्च घेऊन, मोठ्याने बोलत, काठी आपटत.

झाडाखालचा पाचोळा आधी झाडून जाळलेला असायचा, म्हणजे फूल दिसतं. त्या जाळातून जंगलाला आगी लागतात हे आता कळतं. आता काही गावांत झाडाखाली जाळी बांधतात, ते बरं आहे. वाकून वाकून कंबर जायची. एक झाड पंधरा-वीस दिवस देतं. सकाळी दहापर्यंत वेचायचं, मग घरी आणून अंगणात पसरायचं. तीन-चार दिवसांत वाळून मनुकांसारखं लालसर होतं. अंगणभर तो गोड, आंबुस वास. शाळेत आमच्या वर्गात मार्चमध्ये निम्मी मुलं नसायची. गुरुजी रागवायचे, पण त्यांना कारण माहीत होतं.

फूल गेलं की पुढे जून-जुलैत टोळी, म्हणजे फळाच्या बिया, त्यांचं तेल. मोहफुलं म्हटलं की शहरातली माणसं लगेच दारूचं बोलतात. मला आठवते ती मायने भाजून कुटलेली मोहफुलं, त्यात तीळ घालून वळलेले लाडू. शेतात नेण्यासाठी तेच.

आठवण विचारलीत म्हणून एक सांगतो. माझ्या धाकट्या बहिणीला फार लहानपणी झाडाखाली ठेवायचे, चादरीवर. एकदा बघतो तर तिच्या पोटावर, केसांत, हातात फुलं पडलेली, आणि ती एक तोंडात घालून चोखतेय. बाबा हसत हसत म्हणाले, “हिने सगळ्यांत आधी वेचलं.” ती आज वनरक्षक आहे. आमची चार झाडं आता तिच्याच वनक्षेत्रात येतात. माय अजूनही जाते, कंबरेत वाकलेली असली तरी. आम्ही नको म्हटलं तर म्हणते, झाड देतंय तर न्यायला नको का कुणी.

*

संगमेश्वर

कुड्याचं कुणीच कसं लिहिलं नाही अजून? चैत्रात पांढऱ्या फुलांनी झाड भरतं आणि आमच्या घरी भाजी होते. फुलं निवडायची, उकळत्या पाण्यातून काढून घट्ट पिळायची म्हणजे कडसरपणा उतरतो. मग भरपूर कांदा परतून त्यात घालायची, वरून ओलं खोबरं. कडू थोडी राहतेच, आणि राहायलाच हवी. बाबा मुंबईला गिरणीत होते, ते फक्त शिमग्याला आणि मे महिन्यात यायचे. आई कुड्याची फुलं वाळवून डब्यात ठेवायची, ते येतील तेव्हा त्यांच्यासाठी. ताज्या फुलांची सर तिला नाही, पण बाबा बोटं चाटून खायचे. मला वाटतं त्यांना ती आवडायची नाही. आईला कधी कळू दिलं नाही त्यांनी.

*

शिरपूर

मी इथे कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवलं. धागा सुरू करणाऱ्या ताईंचं फूल मला वर्णन वाचतानाच ओळखू आलं, तरी खात्री करून लिहितो.

ही सोनसावर. गणेर असंही म्हणतात. कोरड्या, खडकाळ उतारावर वाढते, जिथे दुसरं फारसं काही तग धरत नाही. झाड बुटकं, फांद्या वाकड्या. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पानं नसताना फांद्यांच्या टोकांवर मोठी, झगझगीत पिवळी, पाच पाकळ्यांची फुलं येतात. मध्ये केशरी-पिवळ्या केसरांचा पुंजका. पानं नंतर येतात, हाताच्या पंजासारखी, बहुधा पाच भागांची. सातपुड्यात चांगली आहे. फूल तोडल्यावर टिकत नाही, हेही बरोबर. तुमच्या अण्णांनी रोज नवीन आणलं ते म्हणूनच.

सावर म्हणतात ते कापसामुळे. काटेसावरीचा आणि तिचा गोत वेगळा आहे, पण फळ वाळून तडकलं की आत रेशमासारखा पांढरा कापूस निघतो आणि त्यात तपकिरी बिया. उशांमध्ये भरतात. आईंना तो कापूस आठवतो का, विचारून बघा.

माझं घरचं एवढंच. मुलगा सात वर्षांचा असताना माझ्याबरोबर नमुने गोळा करायला यायचा. त्याने सोनसावरीचं एक फूल मला न सांगता टेलिफोन डिरेक्टरीत दाबून ठेवलं. मला सापडलं तेव्हा पाकळ्या कागदासारख्या पारदर्शक झाल्या होत्या आणि चार पानांवर पिवळे डाग उतरले होते. त्या काळात डिरेक्टरी दरवर्षी रद्दीत जायची. ती मी अजून ठेवली आहे. मुलगा कॅनडात आहे.

*

ऑस्टिन, टेक्सास

इथे मार्चच्या शेवटी हमरस्त्यांच्या कडा निळ्या होतात. ब्लूबॉनेट. १९०१ पासून हे टेक्सासचं राज्यफूल आहे. बरंचसं आपोआप उगवतं, आणि इथला रस्ते विभागही दरवर्षी कडेला रानफुलांचं बी टाकतो, फुलं येऊन बी धरेपर्यंत तिथलं गवत कापत नाहीत. इथली रीत अशी की प्रत्येक घरातलं लेकरू एकदा तरी त्या निळाईत बसवून त्याचा फोटो काढायचा. रविवारी रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग लागते.

माझी आई २०१६ साली नागपूरहून आली होती, माझी मुलगी दहा महिन्यांची असताना. आम्ही ब्रेनहम गावाच्या बाजूला गेलो. मुलीला फुलांत बसवलं, नवरा फोटो काढत होता, आणि आई एकदम गप्प झाली. मला वाटलं ऊन लागलं. ती म्हणाली, “आपल्या बाबांच्या वावरात जवस असा असायचा.”

मला हे माहीतच नव्हतं. आजोबांची शेती मी जन्मायच्या आधी विकली गेली होती. आईने सांगितलं की पौष-माघात जवसाला फूल येतं, अगदी असं निळं, आणि दुपार झाली की पाकळ्या गळून जातात. म्हणून आजोबा तिला सकाळी उठवून बांधावर नेत. दुपारी गेलं तर शेत हिरवंच. शेत विकलं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती, आणि त्या दिवसापासून घरात कुणी त्या वावराचं नाव काढलं नाही. पन्नास वर्षांनी, टेक्सासच्या एका रस्त्याकडेला ती दोन तास त्यावरच बोलत होती. विहीर कुठे, बाभूळ कुठे, सालदाराच्या बायकोचं खळ्यावरचं गाणं. मला ठाऊक आहे की जवस पेरावा लागतो, तो रानफूल नाही. पण ब्लूबॉनेटने तो बाहेर काढला म्हणून इथे लिहिते.

आई आता गुडघ्यांमुळे येऊ शकत नाही. मी मागच्या अंगणात ब्लूबॉनेट लावलं. बी ऑक्टोबरच्या सुमारास टाकायचं असतं, कवच कठीण असतं म्हणून सँडपेपरने थोडं घासून. थंडीभर फक्त जमिनीलगत पानांचं चक्र दिसतं. आई दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारायची, “आलं का?” पहिल्या वर्षी सहाच रोपं फुलली. आईने फोनवर ती सहाही मोजून घेतली. मुलगी आता दहा वर्षांची आहे. आजीला फुलं दाखवायचं काम तिचं.

*

जावळी, सातारा

आमच्या दोन घरांत जमिनीच्या वाटणीवरून १९९६ पासून बोलणं नाही. वडील आणि चुलते, सख्खे भाऊ. मोजणी झाली, खुणा रोवल्या, पण बांधावरची करवंदाची जाळी नेमकी कुणाच्या हद्दीत हे कुणालाच सांगता आलं नाही. अर्धी इकडे, अर्धी तिकडे.

मार्चमध्ये ती फुलते. पांढरी चांदण्यांसारखी फुलं, जाईसारखा वास, तो संध्याकाळी दोन्ही घरांत येतो. मे महिन्यात करवंदं. आम्ही चुलत भावंडं लपून तिथे भेटायचो. करवंद दाताने फोडायच्या आधी ओळखायचं, कोंबडा की कोंबडी. आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. हरणाऱ्याने पुढची काट्यातली करवंदं काढायची.

वडील गेले त्या मार्चमध्ये चुलते दहाव्याला आले नाहीत. चिडून होतो मी. महिनाभराने पहाटे बांधाकडे गेलो तर ते जाळीपाशी बसले होते. मला बघून म्हणाले, “तुझ्या बापानं आन्‌ मी मिळून हिची राखण केलीया, गुरं सोडू दिली न्हाईत कधी.” एवढंच. मी बाजूला बसलो. अजूनही फार बोलत नाही आम्ही. पण कुणी वणवा लावला की जाळीभोवतीचं गवत आधी दोघं मिळून कापतो.

*

रानीखेतची आठवण, सध्या मुक्काम नाशिक

वडील लष्करात होते, १९९० ते ९३ आम्ही आताच्या उत्तराखंडातल्या रानीखेतला होतो. मार्चच्या मध्यात तिकडच्या लोकांचा चैत्र लागतो, सौर पंचांगाचा, आपल्या पाडव्याशी जुळतोच असं नाही. त्या सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर फुलं आणि समोर पाच-सहा पोरं छोट्या टोपल्या घेऊन उभी. लाल बुरांस, पिवळी फ्योली, गुलाबी आडू. हा फूलदेईचा सण. मुलं रानातली फुलं वेचून गावातल्या प्रत्येक उंबऱ्यावर वाहतात आणि घराला बरकत मागतात. घरच्यांनी त्यांना तांदूळ, गूळ द्यायचा.

आईला काही माहीत नव्हतं. पण उंबऱ्यावर फुलं म्हटल्यावर ती आत गेली, हळद-कुंकू घेऊन आली आणि फुलांवर वाहिलं. शेजारच्या आमा, म्हणजे आजी, बघत होत्या. त्यांनी मग आईला सगळं नीट सांगितलं, आणि दुसऱ्या वर्षी आम्हा दोघा बहिणींच्या हातात टोपल्या दिल्या. दवात भिजलेल्या उतारावर फ्योली वेचताना बोटं बधिर व्हायची.

वडील निवृत्त होऊन नाशिकला आले. इथे बुरांस कुठला? तरी १४-१५ मार्चला ते फिरायला जाताना पिशवी नेतात. कधी पळस, कधी पांगारा, काही नाही मिळालं तर करंज. आमच्या मजल्यावरच्या चारही दारांत ठेवतात. गेल्या वर्षी समोरच्या आजींनी त्यांना गुळाचा खडा दिला. त्यांना कुणी सांगितलं होतं देव जाणे.

*

नाशिक (धागा सुरू केला ती)

काल रात्री आईला सगळं वाचून दाखवलं. दोन तास लागले. मोहाच्या झाडाखालच्या बाळापाशी हसली, वळेसार परत वाचायला लावला, आणि रानीखेतच्या ताईंचे वडील नाशकात कुठे राहतात ते विचारून ठेव म्हणाली.

शिरपूरच्या सरांचं नाव ऐकवलं. “सोनसावर,” असं दोनदा म्हणून बघितलं तिने. मग मी पुढे वाचत गेले आणि कापसाशी आल्यावर तिने माझ्या हातावर हात ठेवला. “थांब. परत वाच.”

माझा धाकटा भाऊ १९८५ च्या जूनमध्ये तिथेच झाला. बाळाच्या डोक्याला आकार यावा म्हणून राईची उशी करतात, ती करायची आईची फार इच्छा होती, पण तेवढी राई तेव्हा मिळाली नाही. शाळेत पाणी भरायला येणाऱ्या एका पावरा बाईने आईला पदरातून पांढरा कापूस आणून दिला होता, बोंडांसकट. अण्णांनी त्यातल्या बिया रात्री कंदिलापाशी बसून एकेक वेचल्या आणि आपल्या जुन्या धोतराची खोळ शिवली. कापूस कशाचा, हे आईने विचारलं होतं. ती बाई टेकाडाकडे हात करून काहीतरी बोलली होती, पण आईला तोवरही पावरी नीट येत नव्हती. इतकी वर्षं तिला वाटत होतं की तो काटेसावरीचा कापूस.

ती उशी बदल्यांमध्ये कुठेतरी गेली.

मी लगेच भावाला फोन लावला. तो गप्प राहिला आणि मग म्हणाला, दुसऱ्या शनिवारी गाडी काढतो. सर, एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत फुलं असतील का? टेकाडाखालपर्यंत गाडी जाते का हेही तिकडच्या कुणाला माहीत असेल तर कळवा, आईला फार चालवत नाही.

आईने तयारी सुरू केली आहे. आज सकाळी तिने कपाटातून अण्णांचं एक धोतर काढलं, उन्हात टाकलं, आणि मला म्हणाली, “फुलं संपली असली तर बोंडं तरी असतीलच की.”